दुसऱ्या कॅसेटची ब बाजू

कँपातल्या बेंटो परेरानं तिन्ही कॅसेटी दिल्या,
आठवड्याच्या बोलीवर.
बँड विलायतेचा, खरं नाव नीट कुणालाच म्हणता येईना.

पहिलीत गिटार पत्रा कापत सुटलेली.
तिसरीत कीबोर्ड आला. तो आम्हाला नको होता.
दुसरी मात्र थेट वडगावची :
बेस खालून, मागाच्या पट्ट्यासारखा फिरणारा,
आणि गाणारा गातच नव्हता,
पाळी सुटल्यावर हजेरी सांगावी तसा बोलत होता.

इरण्णा म्हणाला, ह्यांच्या गावातबी माग असणार बघ.
असतील. बंद पडलेले.

शनवारी माझं बोट लाल बटणावर पडलं.
तिसऱ्या गाण्याच्या मधोमध चाळीस सेकंद
नुसता धोटा, खडाखड,
त्यावरून इरण्णाची अव्वा :
ऊटक्क बार्रो, आरतद !

कॅसेट तशीच परत केली.
बेंटो काही बोलला नाही.
ऐकली नसेल. किंवा ऐकली असेल.

माग किलोवर गेले. इरण्णा इचलकरंजीला,
मग कुठं, ठाऊक नाही.
आता दुसरी फोनवर मिळते, घासूनपुसून,
कुठं खरखर नाही.
तिसरं गाणं अर्ध्यावर आलं
की मी उठतो,
हात धुऊन येतो.