एल लहानो

द्वारकेला माझं रिक्षाच्या सीटकव्हरचं दुकान.
एका दुपारी वाघचौरे शेठ आला,
खिशातनं मासिकाचं फाडलेलं पान काढून मशीनवर पसरलं:
तोंडभर चंदेरी कापड, डोळ्यांना दोन बदाम, ओठांना एक फट.
"मेक्सिकोचा पहिलवान. असंच एक शिव.
डोकं मी आणलंय."

डोकं दारात उभं होतं.
पेठकडचा पोरगा, सातपूरला नाइट शिफ्ट,
दार अख्खं भरलेलं, आणि नाव लहानू. लहानू भोये.
टेप लावला. साडेचोवीस इंच.
मोठं की लहान मला काय ठाऊक,
मी तोवर डोकी मोजलीच नव्हती,
सीटा मोजल्या होत्या.

बजाजच्या हुडाचं उरलेलं रेक्झिन होतं, त्यातच बसवलं,
मागं बुटाची लेस.
आरशासमोर तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला,
"आमच्या बोहाड्यात बाप नरसिंहाचं सोंग घेतो.
सावरीच्या लाकडाचा मुखवटा, पाच-सहा किलोचा.
तो चढला की बापाला नावानं हाक नाय मारायची.
आईपण देवा म्हणते."
लेस सोडत विचारलं, "मेक्सिको कुठं आलं?"
मी म्हटलं, मनमाडच्या पुढं.

तिकडं म्हणे नावाआधी एल लावतात.
शेठनं पोस्टर छापलं: एल लहानो, थेट मेक्सिकोहून.
अट एकच, तोंड उघडायचं नाही.
लागलं तरी नाही, जिंकलं तरी नाही,
जिंकायचं तर नव्हतंच.

पहिली कुस्ती ओझरला.
द्राक्षबागेचे चार अँगल, नायलॉनचे दोर,
खाली कांद्याच्या रिकाम्या गोण्या, वर ताडपत्री.
समोर भगूरचा दत्तू करंजकर,
लाल मातीतला माणूस,
चमकत्या चड्डीत यायला लाजत होता.
त्यानं मान आवळली तेव्हा लोक उभे राहिले.
"मार, परदेशी आहे!"
आणि दत्तू त्याच्या कानाशी:
"डावीकडं पड. गुडघा सांभाळ. जेवलास का?"
मेक्सिकोनं मान हलवली, नाही.

नवव्या मिनिटाला पाठ टेकली.
दीडशे रुपये. मुखवट्याचे वीस कापून एकशे तीस.
मिसळ खाल्ली दोघांनी एकाच बाकावर,
मुखवटा बनियनच्या आत, छातीशी.

सिन्नर. दिंडोरी. घोटीला पाऊस, पैसे नाहीत.
घामानं रेक्झिन चिकटायचं, काढताना भुवयांचे केस यायचे.
एक बारका मुलगा दंडाला बोट लावून पळाला
आणि लांबनं ओरडला, "गरम आहे!"

मग नाशिक. गोल्फ क्लबचं मैदान, ट्यूबलाइटा,
पाच रुपयांच्या रांगेत
डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेला एक म्हातारा,
सिव्हिलमधनं मोतीबिंदू काढून थेट आलेला.
मी रिंगजवळ होतो, सुई-दोरा घेऊन,
टाके उसवले तर म्हणून.

लहानूनं त्याला पाहिलं
आणि पडायचं होतं डावीकडं, तो पडला उजवीकडं.
"आय गं!"

मैदान गार.
शेठनं माईक ओढला:
"मंडळी, आईला मेक्सिकोतही आईच म्हणतात!"
हशा उसळला, शिट्ट्या,
भुईमुगाची टरफलं रिंगभर.

म्हातारा हसला नाही.
उठला, कपाळाला हात लावला,
बोहाड्यात लावतात तसा,
आणि नाव ओठांपर्यंत आलेलं मी पाहिलं,
आत गेलेलंही.

खेळ सुटल्यावर तो लंगडत्या पोराकडं गेलाच नाही.
माझ्याकडं आला.
उघड्या डोळ्यानं माझी बोटं बघितली, सुई बघितली.
"शिवण तुझी?"
"हो."
"मानेपाशी काचतंय देवाला.
आतनं सुती अस्तर लाव."
कनवटीचे दहा रुपये काढून माझ्या हातावर ठेवले
आणि पेठची शेवटची गाडी गाठायला निघून गेला.