कपाटातला सासरा

पूर्णा जंक्शनच्या क्वार्टरात
भाड्याचा व्हीसीआर यायचा हातगाडीवरून,
रजईत गुंडाळलेला, तान्ह्या लेकरासारखा.
कॅसेट मात्र दरवेळी तीच :
सासरा कपाटात लपतो
आणि जावई तेच कपाट विकून मोकळा होतो.

भुजंगमामांनी हा सिनेमा
आधी तेलुगूत पाहिलेला, काचीगुड्याला,
पॅसेंजर पोचवून, गार्डाचा कंदील खुर्चीखाली ठेवून.
"असली तो. ही आपली झेरॉक्स," म्हणायचे,
"तिकडं कपाट नव्हतं, भाताची कणगी होती.
अन् सासरा कसा, भरलेला!
ह्यो म्हणजे वाळलेली गवार."

तरी सगळ्यात पुढं बसायचे तेच.
आणि विनोद यायच्या घासभर आधी
हसायचे.
पडद्यावर कपाटाचं दार अजून बंद,
इकडं मामांचं पोट हलायला लागलेलं.
प्रयागमामी चिडायची,
"आवो, आमाला तर हासू द्या पैले!"

फक्त एका जागी मामा गप्प.
कपाट चाललंय भर बाजारातून,
आतून शिंक येते,
आणि खिडकीतली एक बाई शेंगा फोडत,
मान न वळवता म्हणते,
"कपाटाला पडसं झालं वाटतं. ओवा द्या."
तेवढंच तिचं काम. पाटीवर नावसुद्धा नाही.
तिथं मामा हसायचे आमच्यासोबत,
नाहीतर जरा लेटच,
डोळे पुसत म्हणायचे, "ही बाई तिकडं नव्हती,"
आणि मामीकडं बघायचे.
टरफलांच्या ढिगामागून मामी,
"काय बघायलात?"

आता टीव्ही भिंतीला चिकटलाय.
सिनेमा कुणाच्यातरी मोबाइलवरून येतो,
चित्र पुसट, आवाज ओठांच्या मागं मागं.
बुद्धपौर्णिमेला सगळे जमलो की लागतोच.
कपाटाचं दार बंद असतं
आणि सगळं घर आधीच हसत सुटतं,
ज्यांनी मामांना पाहिलं नाही त्या सुनासुद्धा.
सहा वर्षांचा सम्यक एकेकाच्या तोंडाकडं बघतो,
"कामून हासायलेत? आजून तर काईच झालं नाई."

खरंच काही झालेलं नसतं.

मग हातगाडी येते. शिंक.
मामी शेंग फोडायची थांबते.
ओवा द्या, म्हणते बाई.

आम्ही लगेच हसत नाही.
थोडं थांबतो.
एखादी गाडी लेट असते.