मंगळवारचा आकडा

टिमकीत, हेडाऊंच्या खोक्यांच्या दुकानात
शटर अर्धं खाली, साडेनऊ वाजलेले.
बसायला मिठाईच्या डब्यांचे गठ्ठे,
ज्यांच्यावर अजून कुणाचं नाव छापलेलं नाही.

नियम एकच. "चाललंय बरं" म्हणायचं नाही.
म्हटलं, की दहा रुपये बरणीत.
आकडा सांगायचा:
आठवड्यात आलं किती, गेलं किती,
आणि अडकलंय कोणाकडे.
पहिल्या वर्षी बरणी दोनदा भरली.
त्या लाजेचे आम्ही तर्री-पोहे खाल्ले.

यशोधरा गजभिये, नंदनवनात शिलाई.
ब्लाउजचे दोनशे ऐंशी, सात वर्षं तेच.
"वाढवले तं बाया जातीन."
बेकरीवाल्या शकीला आपानं विचारलं,
"किती जातीन? नावं घे."
तिनं बोटं मोजली. पाचव्या बोटाशी थांबली.
मग उरलेल्या साठजणींसाठी
तीनशे चाळीसची पाटी
तिथेच, खोक्याच्या पुठ्ठ्यावर,
हेडाऊंच्या निळ्या पेनानं.

माझं दुकान कूलरचं, मानेवाडा रोडला.
चार महिने मी मालक,
आठ महिने नुसता पत्रा.
दिवाळीनंतर कुणाला आठवत नाही
की आपल्या खिडकीला काही टांगलेलं आहे.

मला इथेच सांगितलं गेलं:
जानेवारीत वही काढ.
तीन उन्हाळ्यांत ज्यांच्या ताट्या बदलल्या
त्यांना थंडीतच फोन कर.
"कोपऱ्यातून पाणी गळत होतं ना, पाहून देतो."
मला वाटलं, भीक मागितल्यासारखं होईल.
एकशे बारा फोन. एकेचाळीस होय.
एक बाई म्हणाल्या, बरं झालं, ह्यांना आठवणच नव्हती.
एकानं शिव्या दिल्या, झोपला होता.

गल्ला वेगळा, खिसा वेगळा,
हे मात्र अजून जमत नाही. सांगून ठेवतो.

तर, गेल्या वर्षी मार्चमध्ये
हेडाऊंनी धकातेला आणलं.
धकाते, त्याचंही कूलरचंच. माझ्यापासून तिसरं दुकान.
त्या रात्री मी म्हणालो, "चाललंय बरं,"
आणि दहाची नोट बरणीत टाकली.
पुढच्या मंगळवारीही.
सहा मंगळवार. साठ रुपयांची चुप्पी.
तो मात्र आकडा सांगत राहिला,
माझ्याकडे न बघता, सरळ:
अकरा हजार आले, चौदा गेले,
मोटरवाल्याचं सत्तावीस देणं.
मला त्याचं सगळं कळत होतं,
आणि ऐकून बरं वाटत होतं. हेही लिहितो.

मे. पारा सेहेचाळीसवर. माझे पंप संपले,
इतवारीत मिळेनात,
आणि एका नर्सिंग होमचे नऊ कूलर बंद.
धकाते स्कूटरवर आला, दोन पायांत पोतं.
"बारा हायेत. मंगळवारी हिशेब कर."
"मले काऊन देऊन राहिला बे?"
"माह्याकडे ताट्या नाहीत, तुह्याकडे हायेत.
गिऱ्हाईक तं दोघांचंही घामानं भिजून राहिलं."

आता दोघांच्या ताट्या मी भरतो,
दोघांचे पंप तो आणतो, गठ्ठ्यानं,
नगामागे बावीस रुपये स्वस्त.
मैत्री आहे का, माहीत नाही.
त्याची पाटी अजून माझ्याहून मोठी आहे
आणि ती मला खुपते.

पण त्या मंगळवारी मी आकडा सांगितला. सगळा.
बायकोलाही न सांगितलेली उधारी धरून.
कुणी काही बोललं नाही.
शकीला आपानं बरणी
माझ्यासमोरून उचलून बाजूला ठेवली.
हेडाऊ पेनाचं टोपण चावत म्हणाले,
"हं. आता याच्यातलं
पहिले कोणाकडचं वसूल होऊ शकते, ते बोल."