खरं मानलं तर

बर्फ ढकलणाऱ्या सहाही गाड्या रस्त्याला लागल्या
की मी वायरलेसचा आवाज बारीक करते
आणि खणातून पुस्तक काढते.
इश्पेमिंगमध्ये उणे एकोणीस. हीटरवर मोजे.
वय सेहेचाळीस. जूनमध्ये
कायद्याच्या कॉलेजची प्रवेशपरीक्षा.

प्रश्न सतरावा.
एका नगरपालिकेने पुलावर मिठाऐवजी वाळू टाकली.
त्या हिवाळ्यात तिथले अपघात निम्मे झाले.
म्हणून वाळू मिठापेक्षा बरी.
खालीलपैकी कोणतं विधान, खरं मानलं तर,
हा युक्तिवाद सर्वांत जास्त कमकुवत करतं?

सुरुवातीला मी भांडायचे.
वाळू कुठली बरी, बावीस वर्षं बघतेय,
पहिल्या वाऱ्याला उडते, असं समासात लिहायचे,
पेन्सिल मोडेपर्यंत.
शनिवारी वाचनालयात शिकवणाऱ्या मिसेस त्रुदेल
गालात पेपरमिंट सरकवत म्हणाल्या,
तुझं मत कोणी विचारलंय, रॉक्सॅन?
पुराव्याला हात लावायचा नाही, तो खरा.
निष्कर्षाशीही कुस्ती नको.
दोघांच्या मध्ये बोलणाऱ्याने
न बोलता एक फळी टाकलेली असते.
ती शोध. तिच्यावर पाय दे.
मोडायला नको,
करकरली तरी पुरे.

त्या हिवाळ्यात पूल दोन महिने
दुरुस्तीसाठी बंद होता.
हे उत्तर. पर्याय ड.
कावळा बसला, फांदी मोडली,
बिचाऱ्याचं वजन कोणी केलंच नव्हतं.

तेव्हापासून जिथे तिथे मला फळ्या दिसतात.
पेट्रोल पंपावर, चर्चमधल्या कॉफीच्या वेळी,
वडिलांच्या त्या जुन्या वाक्यात:
आपल्यातलं कोणी खाणीच्या पलीकडे गेलं नाही,
म्हणून तूही.

एक युक्तिवाद मात्र मी पुस्तकापासून लांब ठेवला होता.

आर्वोने त्या रात्री तीनदा फोन केला.
मी रागात होते, उचलला नाही.
सकाळी तळ्याकाठी त्याचा ट्रक होता,
बर्फात एक भोक होतं,
आर्वो नव्हता.
म्हणून.

त्या 'म्हणून'च्या पुढे अकरा वर्षं
मी काही लिहिलेलं नाही.

गेल्या मंगळवारी, पहाटे तीन, रस्ते साफ.
हजेरीच्या कागदामागे पर्याय मांडले.
तो नेहमीच तीनदा फोन करायचा,
बीअरचं दुकान उघडं आहे का एवढं विचारायलाही.
'जाऊ नकोस' ऐकून तो कधी थांबला नव्हता,
सातव्या वर्षीही नाही, छपरावरसुद्धा नाही.
त्या आठवड्यात बर्फ खालून पातळ झाला होता
आणि हे तळ्यावर कोणालाच ठाऊक नव्हतं.
चौथ्यापुढे फक्त अक्षर लिहिलं.
पाचव्यापुढे तेही नाही.

परीक्षेत विधानं खरी मानायची असतात,
तसं छापूनच येतं, कोणी शपथ मागत नाही.
इथे कोण मानणार?

शनिवारी कागद पुस्तकातून घसरला.
मिसेस त्रुदेलनी उचलला, वाचला, पुन्हा वाचला.
पेपरमिंट दातांखाली फुटल्याचा आवाज झाला.
मी म्हणाले, यातून काहीच सिद्ध होत नाही.
सिद्ध करायला कुठे सांगितलंय,
त्या म्हणाल्या, प्रश्न नीट वाच.

मी वाचला. अजून वाचतेय.

चार नंबरची गाडी विचारते,
पुलावर काय टाकू, मीठ?
नको, मी सांगते,
इतक्या थंडीत मीठ लागू पडत नाही.
आज वाळूच टाक.