तेहतीस हजार चारशे वीस

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळाच्या आतली गल्ली.
गास्केटचा कारखाना या महिनाअखेर बंद.
मेहुलशेठ म्हणाले, सगळ्यांना पत्रं द्या, नीट मराठीत.
त्रेचाळीस होतील, तुम्हाला धरून.
हातानं कशाला, शीटमधूनच काढा.

काढली.
अवतरणात "श्री.", मग ते चिन्ह, मग बी सात,
पुन्हा चिन्ह, अवतरणात "यांस, आपण दिनांक",
पुन्हा चिन्ह.
ते चिन्ह म्हणजे आणि.
निरखून पाहिलं तर एक गुडघा पोटाशी धरून
बाकड्यावर बसलेला माणूस वाटतो,
उचल मागायला आलेला.

शब्द डाव्या भिंतीला टेकतात, आकडे उजव्या.
बावीस वर्षं मी त्यांना असंच पाहिलं,
मधली जागा रिकामी.
आता दोघांना एका चौकटीत बसवलं
तर आकडा मुकाट्यानं शब्दांच्या बाजूला सरकला
आणि तिकडचाच झाला.
पत्रांच्या रांगेखाली एकूण मागितलं.
शून्य.
ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, सगळं वाक्यात लिहिलेलं दिसतंय,
रुपये, पैसे, "फक्त" सुद्धा,
आणि बेरीज शून्य.
मेहुलशेठ मागे उभे होते. म्हणाले, खरंच असं असतं तर!
मी कीबोर्डवरची धूळ पुसली.

फिलोमिना डाबरे "श्री." झाल्या. तो माझा गाढवपणा.
यल्लप्पाच्या वडिलांचं नाव रजिस्टरात कधी चढलंच नव्हतं,
तिथं दोन मोकळ्या जागा लागोपाठ राहिल्या.
सूत्राला काय,
जो नाही त्याच्यासाठीही ते जरा सरकून बसतं.

आणि मग बाळाराम मढवी, लेथवरचा,
चष्मा कपाळावर, पत्र दोन बोटांत,
तेलाचा डाग लागू नये म्हणून.
"आपण दिनांक ३३४२० पासून सेवेत आहात."
"बाय, यो कंचा नंबर? माजा टोकन त सतरा."

तारीखच आहे ती, म्हटलं. एक जुलै एक्क्याण्णव.
मशीन तारीख ठेवत नाही, दिवस ठेवतं,
एकोणीसशे सालच्या एक जानेवारीपासून एकेक मोजत.
वर आपण तारखेचा सदरा चढवतो.
वाक्यात ओवलं की सदरा गळतो.

तो बराच वेळ बघत राहिला.
"एकोणीसशे? मी त सत्तरचा.
मंग माजा बापूस पन आला की यामधी."
बापूस कोलशेतला, खाडीत बुडी मारून
बादलीनं रेती काढायचा.
त्याच्या बादल्या मोजायचे.
दिवस कुणी मोजले नव्हते.

मी सूत्र दुरुस्त केलं.
तारखेला आधी मजकूर करायचं, दिवस महिना वर्ष सांगून,
मगच वाक्यात पाठवायचं. एवढंच होतं.
बेचाळीस पत्रं सरळ झाली.
त्याचं पत्र मात्र तो देईना,
"दोनी रव दे" म्हणाला, दोन्ही राहू दे,
म्हणून तेवढं एक हातानं टाइप केलं:
एक जुलै एक्क्याण्णव, म्हणजे दिवस ३३४२०.

प्रिंटर तापायला वेळ घेतो.
तेवढ्यात सांगून टाकलं, मला राहवेना,
की या मोजणीत एक दिवस जास्तीचा आहे.
एकोणीसशे सालच्या फेब्रुवारीत एकोणतीस तारीख नव्हती,
मशीन ती धरतं.
फार जुनी चूक, सगळ्यांना ठाऊक,
आता काढली तर सगळ्या जगाच्या तारखा हलतील,
म्हणून कुणी काढत नाही.

"म्हंजे यो दिवस कोनाचाच नाय?"
कुणाचाच नाही.

बाळारामनं पत्राची घडी घातली,
डब्याच्या पिशवीत, डब्याच्या मागच्या बाजूला, उभी.
दारापर्यंत गेला, परत आला.
"दोन हजार पाचला, पानी भरलेला तवा,
माजा एक खाडा लावलाव तुमी.
त्यो यानं भरून टाक."