लोमेवरची मात्रा

अक्कलकोट रोड एमआयडीसी, शेड नंबर नऊ.
मी टॉवेलांच्या गाठींवर गावं रंगवतो,
पत्र्याच्या साच्यातून, काळ्या शाईने.
वीस वर्षं गावं माझ्या हातून जातात,
मी कुठे जात नाही.

साच्यात लोमे होतं, पण शेवटच्या अक्षरावर
जी तिरकी रेघ हवी, ती कापायची राहून गेलेली.
मॅनेजर म्हणाला, इराबत्ती, ती हातानेच काढ.
म्हणून एवढी एकच रेघ माझी.
दिसते आपल्या मात्रेसारखी,
फक्त आपली डावीकडे कलते, त्यांची उजवीकडे.

मग मे महिन्यात, पारा त्रेचाळीसवर असताना,
ती स्वतःच आली,
मादाम आब्लावी आग्बेको, टोगोची,
लोमेच्या बाजारात तिसऱ्या पिढीची कापडवाली.
टॉवेल गालाला लावायची, वास घ्यायची,
काठ दाताखाली धरून बघायची.
शेंगाचटणीशी दीड भाकरी खाल्ली आणि म्हणाली
(मालकाचा पुतण्या इंग्रजीतून इकडे आणायचा),
शेंगदाणा आम्हीही असाच कुटतो.

कुठाय तुमचा देश?
तिने खडूने गाठीवरच काढला,
उभा, अरुंद, वाळत घातलेल्या पंच्यासारखा.
खालची दशी म्हणजे समुद्र,
सगळा मिळून सोलापूर ते तुळजापूर, वर थोडासा.
डावीकडे घाना, उजवीकडे बेनिन,
डोक्यावर बुर्किना फासो.
लोमे अगदी कडेला.
शहर संपलं की घाना,
पलीकडच्या मावशीला भेटायचं तर शिक्का.
ही रेघ मारली कुणी?
आधी जर्मन आणि इंग्रज,
मग इंग्रज आणि फ्रेंच, पुन्हा नव्याने.
मावशीला कुणीच विचारलं नाही.

घरात एवे, बाजारात मिना, कचेरीत फ्रेंच, ती म्हणाली.
घरात तेलुगू, बाजारात कन्नड, कचेरीत मराठी, मी म्हणालो.
पुतण्या तोंड उघडायच्या आत ती हसली.

तिचा आजा विणायचा. चार बोटं रुंदीच्या पट्ट्या,
मग पट्टीला पट्टी शिवून अंगभर कापड.
आणि आता?
ती आमच्या टॉवेलांच्या थप्पीकडे बघत राहिली.
मीही सांगितलं नाही
की अण्णांच्या मागाचा खड्डा आम्ही सिमेंटने बुजवला,
वर फ्रिज आहे,
रात्री फ्रिज थरथरला की आई म्हणते,
अण्णा बसले.

आब्लावी म्हणजे मंगळवारी जन्मलेली.
मी म्हटलं, आमच्याकडे वारांच्या पेठा,
तुमच्याकडे वारांची माणसं.
तुझा वार कोणता?
काय सांगणार. आईला आठवतो फक्त गिरणीचा भोंगा.
शाळेत मास्तरांनी एक जून अडुसष्ट लिहिलं,
त्या वर्षी आमच्या अख्ख्या वर्गाचा जन्म एक जूनचा.
तिने मोबाइलवर बघितलं. शनिवार.
म्हणजे तू कोमी.
खोट्या तारखेचा खरा वार.

ती गेली. पुढच्या महिन्यात नवा साचा आला,
त्यात रेघ कापलेली, सरळ, नीट.
आता हाताने काढायचं काही उरलं नाही.

तरी दर गाठीच्या तळाशी, जिथे मॅनेजर वाकत नाही,
मी ब्रशच्या टोकाने बारीक लिहितो: कोमी.
मात्रा डावीकडेच ठेवतो.