चार नंबर

बस्त्यावची बोट तीन दिवस भाऊच्या धक्क्याला बांधलेली.
आणलेल्या बर्फाचं पाणी झालेलं.
तीन मिस्त्री येऊन गेले, तिघांनी एकच सांगितलं:
मेन बेअरिंग गेलं.
इंजिन वर काढा, दारूखान्यात न्या,
दीड लाख बाजूला ठेवा.
बस्त्याव जाळ्याच्या ढिगावर बसून
दीड लाखाकडे बघत होता.

मग परकार उस्ताद उतरले खाली,
हातात फूटभर स्क्रूड्रायव्हर,
लाकडी मूठ, मुठीवर दातांच्या खुणा.

चालू कर म्हणाले.
सहा सिलिंडर, आणि त्यात तो ठोका,
बंद दारावर कुणी वसुलीला आल्यासारखा.
आधी त्यांनी तेल बघितलं.
डिपस्टिकवरचा थेंब दोन बोटांत चोळला,
झाकणातून पडणाऱ्या उन्हात धरला.
चकाकी नाही.
"बेअरिंग मेलं असतं तर त्याची राख तेलात असती."
प्रेशरचा काटाही जागचा हलला नव्हता.
म्हणजे तिघं मिस्त्री मयताशिवायच रडून गेले.

मग स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर,
मूठ दातांत.
उस्तादांना कानानं ऐकू येत नाही, वर्षं झाली,
जबडा ऐकतो.
डोळे मिटून ते इंजिनभर सरकत गेले,
आणि मला बोटानं खूण केली: पाना.

एक नंबरचा नट ढिला केला. डिझेल फुसफुसलं, इंजिन लंगडलं.
घट्ट केला.
दोन. लंगडलं.
तीन. लंगडलं.
"ज्याच्या नसण्यानं फरक पडतो, तो कामाचा,"
हे ते दर वेळी सांगतात.
चार. लंगडलं,
पण ठोका थांबला.
इतका अचानक, की वरून बस्त्यावनं वाकून पाहिलं.

सापडलं! मी ओरडलो.
"जागा सापडली. कारण नाही."

चारचा इंजेक्टर काढून दोनवर,
दोनचा चारवर.
हात पोळले, एक वॉशर खालच्या काळ्या पाण्यात गेला,
त्यासाठी मी शिवी खाल्ली.
पुन्हा चावी.
ठोका आता दोनवर.
उस्ताद पहिल्यांदा हसले:
"खोली चांगली आहे रे बस्त्याव,
भाडेकरू भांडखोर."

नोझल बदलायचे पैसे बस्त्यावनं दोनदा मोजले,
एवढेच कसे, म्हणून.

परतताना रे रोडला चहा घेतला.
उस्ताद नेहमीसारखं जरा मोठ्यानंच सांगत होते,
जे. जे.तल्या डॉक्टरीणबाईनं
लोखंडी चिमटा कानाशी वाजवला, काही नाही.
तोच कानामागच्या हाडावर टेकवला,
आणि वाजला!
"एकेक नट ढिला करत गेली पोरगी.
म्हणाली पडदा गेलाय, आतली नस शाबूत."
टेबलावर थाप मारली त्यांनी,
आपल्याच धंद्यातलं कुणी भेटल्यासारखी.

मग ऑपरेशन कधी, मी विचारलं.
उस्तादांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली.
ऐकू आलं नसावं.
स्क्रूड्रायव्हर माझ्या पिशवीत होता.